लेखणीची कामे आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की आम्हा शिक्षकांकडे पालकांची रीघ लागते. प्रश्न ठरलेले असतात. सायन्स घ्यावे की कॉमर्स? आय.टी.आय.ला कोणता ट्रेड बरा? मुलगी हुशार आहे, फार्मसीला पाठवावी काय? हे सर्व प्रश्न योग्यच आहेत. परंतु एखादा मुलगा चांगला निबंध लिहितो, अर्ज नीट लिहितो, दुसऱ्याच्या लिखाणातील चूक चटकन ओळखतो, त्याने पुढे काय करावे, असे सहसा कोणी विचारीत नाही. विचारले तरी उत्तर आधीच ठरलेले असते : "लिहिणे हा शौक झाला सर, त्यावर घर चालते काय?"

आज मी या एकाच प्रश्नाचे उत्तर देणार आहे. मला दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली ही की, लिहिणे हा एक धंदा नव्हे. ती निरनिराळ्या कसबांच्या अनेक कामांची साखळी आहे आणि त्यांतील बहुतेक कामांसाठी कवी किंवा कादंबरीकार असावे लागत नाही. दुसरी ही की, या साखळीत शिरण्यासाठी आपल्या मुलांजवळ एक भांडवल जन्मतःच आहे. उर्दू आणि मराठी या दोन भाषा एकाच वेळी कानावर पडणारी मुले फार थोडी असतात. पण हे भांडवल आपण अर्धेच वापरतो. अर्ध्याला गंज चढतो आहे.

लेखणीचा मान आपल्याला कोणी शिकवावयास नको. कुरआन शरीफमधील एका सूरहचे नावच 'कलम' आहे. कुरआन शरीफमधील सर्वांत दीर्घ आयत सूरह बकरहमध्ये आहे आणि तिचा विषय काय, तर उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि लिहिणाऱ्याने तो न्यायाने लिहावा. म्हणजे लिहिणाऱ्याचे काम नुसते हाताचे नाही, ते अमानतीचे आहे. ही गोष्ट मनात ठेवून पुढे चलू या.

आज घरी गेल्यावर आपल्या मुलाचे बालभारतीचे कोणतेही पुस्तक उघडा. पहिल्या काही पानांपैकी एका पानावर बारीक अक्षरांत नावांची यादी असते. ते पान कोणी वाचत नाही. आज ते वाचा. तेथे विषय समिती आहे, संयोजक आहेत. उर्दू माध्यमाचे पुस्तक असेल तर भाषांतर करणारे आहेत. त्याशिवाय चित्रकार, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, निर्मिती, मुद्रक, प्रकाशक. पुण्याची ही संस्था २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली. मराठी, उर्दू, इंग्रजी आणि इतर भाषांत ती लाखो मुलांची पुस्तके काढते. ते एक पान म्हणजे लेखनव्यवसायाची हजेरीच आहे. त्या यादीतले प्रत्येक नाव कोणाच्या तरी मुलाचे आहे.

यांतील एकेकाचे काम काय, ते थोडक्यात सांगतो.

लेखक मजकूर लिहितो, हे सर्वांना माहीत आहे. संपादक काय करतो, हे मात्र फारसे माहीत नसते. संपादक वाचकाच्या वतीने लेखकाला प्रश्न विचारतो. हे उदाहरण खेड्यातल्या मुलाला कळेल काय? ही गोष्ट आधी सांगावयास हवी होती काय? हा आकडा कोठून आला? हा शब्द कोणाच्या मनाला लागेल काय? तो घालतो थोडे आणि काढतो फार. त्याचे काम चांगले झाले, तर ते वाचकाच्या लक्षातही येत नाही.

भाषांतरकार एका भाषेतील आशय दुसऱ्या भाषेत नेतो. शब्दाला शब्द ठेवून हे काम होत नाही. त्याचे उदाहरण आपल्या घरातलेच देतो. आपण 'दीनी तालीम' म्हणतो, म्हणजे धार्मिक शिक्षण. हेच दोन शब्द केवळ मराठी जाणणाऱ्या माणसापुढे ठेवा. मराठीत दीन म्हणजे गरीब बिचारा आणि तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा! मदरशात 'फाजिल' ही विद्वत्तेची पदवी आहे. मराठीत 'फाजील' म्हणजे नको तितका, जसे फाजील लाड. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे दोन्ही पक्षांत झालेली तडजोड. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. न्यायालयाच्या एखाद्या कागदात हा शब्द चुकीचा उतरला, तर काय होईल, याची कल्पना करा. एका माणसाने समेट केला होता आणि भाषांतरात त्याने नोकरीच सोडली!

मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफरीडर, छापण्यापूर्वी शेवटचा वाचणारा. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. एका वेलांटीने 'शिक्षक दिन' हा 'शिक्षक दीन' होतो. कधी कधी ते खरेही असते, पण छापावयाचे नसते. हा विनोद सोडा. औषधाच्या मात्रेत एक शून्य वाढले किंवा परीक्षेच्या तारखेत ६ चा ९ झाला, तर हसण्यासारखे काही उरत नाही. १९५५ साली भारतात श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला. त्यातील पत्रकाराच्या व्याख्येत संपादक, उपसंपादक व बातमीदार यांच्याबरोबर मुद्रितशोधकाचेही नाव होते. इतका मान त्या कामाला होता.

ही कामे परक्या देशातून आलेली नाहीत. आपल्या जिल्ह्यातील पैठणला संत एकनाथ महाराज होऊन गेले. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर जवळजवळ तीनशे वर्षांत नकलांमागून नकला होऊन तिच्यात अनेक चुका शिरल्या होत्या. एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्या पदरची ओवी पुढे कोणी त्यात घालू नये, असेही बजावले. मोठा कवी असूनही त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथात स्वतःची भर घातली नाही. संपादनाचा पहिला धडा हाच आहे.

मराठी आडनावे पाहा. फडणीस, चिटणीस, पारसनीस, वाकनीस. यांतील 'नीस' म्हणजे फारसीतील 'नवीस', लिहिणारा. पारसनीस हा फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा. आपल्याकडे मुन्शी, कातिब ही नावेही कामावरूनच पडली. कलम, दौत, कागद, दप्तर हे शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत. आणि कागद तरी कोठला? दौलताबाद ओलांडून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. त्या गावातील मुस्लिम कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनविला. लिहिणारा, नक्कल करणारा, कागद करणारा, सर्व याच मातीतले.

आता आपल्या शहराची गोष्ट. २०२३ पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. जुनी हकीकत सांगताना मी त्या वेळचे नाव घेतो. मौलवी अब्दुल हक (१८७०–१९६१) हे निजाम राज्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. १९१२ साली ते अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे सचिव झाले आणि संस्थेचा कारभार औरंगाबादला आला. पुढे ती दिल्लीला गेली, पण तोपर्यंतच्या सुमारे पंचवीस वर्षांत या शहरात जे काम झाले, ते पाहण्यासारखे आहे. १९२१ साली येथून 'उर्दू' हे त्रैमासिक निघाले. जुन्या दखनी ग्रंथांची हस्तलिखिते शोधून, ताडून ती छापली गेली. वजहीचा १६३५ मधील 'सबरस' हा गद्यग्रंथ त्यांतलाच. म्हणजे एकनाथांनी ज्ञानेश्वरीसाठी जे केले, त्याच जातीचे काम. १९३७ मध्ये अंजुमनचा मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोश प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर छापखान्याचे गाव औरंगाबाद (दकन) असे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, शब्दकोश एक माणूस करीत नाही. कोणी शब्द गोळा करतो, कोणी अर्थ लिहितो, कोणी तपासतो, कोणी वर्णक्रम लावतो, कोणी प्रूफे वाचतो. मौलवीसाहेबांना जग 'बाबा-ए-उर्दू' म्हणते. त्यांच्यामागे जे बसून काम करीत होते, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्यांनी केलेला कोश लोकांनी पुढे कित्येक वर्षे वापरला.

याच अब्दुल हक साहेबांनी बीबी-का-मकबऱ्याच्या बागेतील एका माळ्यावर लेख लिहिला आहे. त्या माळ्याचे नाव नामदेव. जातीने दलित, शिक्षण नाही, मोठे पद नाही. पण एकेका रोपाची तो पोटच्या मुलासारखी निगा राखी. आपल्या कामात तो इतका गढलेला असे की, मधमाश्यांच्या हल्ल्यात त्याचा अंत झाला, तेव्हाही तो कामातच होता. एका उर्दू लेखकाने एका मराठी माळ्याला कायमचे जिवंत ठेवले. कोणतेही काम मन लावून केले की मोठे होते, हे त्या लेखाचे सांगणे आहे. मला वाटते, संपादकाच्या कामाचे वर्णनही यापेक्षा वेगळे होणार नाही.

पालकहो, आता आपल्या मनातील शंकेकडे येतो. "सर, ही जुनी गोष्ट झाली. आता हे धंदे कोठे उरले?" शंका खरी आहे. कातिबांचे उदाहरण घेऊ. उर्दू वर्तमानपत्रे व पुस्तके १९८० पर्यंत हाताने लिहून छापली जात. बातमी प्रथम कातिबापुढे जाई. तो बोरूच्या कलमाने पान लिही, मग ते पान शिळाप्रेसवर आणि पुढील काळात ऑफसेटवर जाई. मराठीला खिळे होते. नस्तालीकची वळणे खिळ्यांत बसत नव्हती, म्हणून कातिब लागत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी तयार केलेली नूरी नस्तालीक लिपी यंत्रावर आली आणि लाहोरचे 'जंग' तिच्यात निघाले. १९९४ च्या सुमारास दिल्लीहून 'इनपेज' हा संगणकाचा कार्यक्रम आला आणि गल्लीतल्या दुकानातही उर्दू छापता येऊ लागले. चेन्नईचे 'मुसलमान' हे १९२७ साली सुरू झालेले दैनिक अनेक दशके हातानेच लिहिले गेले, म्हणून जगभर त्याचे कौतुक झाले. पण ते अपवाद म्हणून. बाकी ठिकाणी कातिबांच्या हातचे काम गेले.

यातून काय शिकावयाचे? कातिबांपैकी ज्याच्याजवळ केवळ सुंदर अक्षर होते, त्याचे हाल झाले. ज्याला भाषा कळत होती, मजकुरातील चूक कळत होती, त्याला संगणकापुढे बसता आले. हत्यार बदलते, समज कामाला येते. आज पुन्हा तशीच वेळ आली आहे. यंत्र आता क्षणात भाषांतर करते, पत्र लिहिते, लेखही लिहिते. ज्या मुलाला केवळ टंकलेखन येते किंवा शब्दाला शब्द ठेवता येतो, त्याला यापुढे काम मिळणे कठीण आहे, हे मी स्पष्ट सांगतो. पण यंत्राने 'राजीनामा'चा जो अर्थ दिला, तो या कागदात बरोबर आहे की नाही, हे दोन्ही भाषा जाणणाऱ्यानेच सांगावयाचे आहे. आणि त्याखाली सही यंत्राची चालत नाही, माणसाची लागते.

दोन्ही भाषा जाणणाऱ्याची गरज किती मोठी आहे, हे आपल्या डोळ्यांसमोर २०२३ साली दिसले. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. म्हणून १९४८ पूर्वीचे मराठवाड्यातील महसुलाचे व इतर पुष्कळसे कागद उर्दूत आहेत, काही फारसीत, काही मोडीत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला जावयाचे नाही. माझा मुद्दा एवढाच की, दप्तरे उघडली तेव्हा ती वाचणारा माणूस पाहिजे होता. उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. ज्या विद्येला आपण "काय उपयोग?" म्हणत होतो, तिच्या दारात सरकार उभे होते.

आणि ही गरज त्या एका प्रश्नापुरती नाही. इनाम व वक्फ जमिनींच्या दाव्यांत 'मुन्तखब' नावाचा निजामकालीन कागद पुरावा म्हणून दाखल होतो. तो उर्दूत असतो. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय आपल्याच शहरात, पाणचक्कीला आहे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ पासून आपल्या शहरात आहे आणि तेथे मराठी-उर्दू कागदांचे इंग्रजी भाषांतर दाखल करावे लागते. मस्जिदीची, कब्रस्तानाची, एखाद्या विधवेच्या घराची जागा एका कागदावर अवलंबून असते. तो कागद नीट वाचून प्रामाणिक भाषांतर करणारा तरुण मिळाला, तर त्याचे पोट भरेल आणि समाजाचेही काम होईल. मात्र एक सांगतो : छापील उर्दू वाचता येते म्हणून हे कागद वाचता येतील, असे नाही. ते शिकस्ता वळणात, घाईघाईने लिहिलेले असतात. त्यासाठी जुन्या जाणकारापुढे बसून सराव करावा लागतो. असे जाणकार दिवसेंदिवस कमी होत आहेत. जे आहेत, त्यांच्याजवळ आजच जा.

इतर कामे कोणती, ती भरभर सांगतो. वर्तमानपत्रात बातमीदार बाहेर फिरतो, तर उपसंपादक टेबलावर बसून बातमी तपासतो, आखडती करतो, मथळा देतो. शासनाचे भाषा संचालनालय १९६० पासून कायदे व नियम मराठीत आणते. त्यासाठी तेथे अनुवादक असतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत यंत्र कसे चालवावे, अपघात कसा टाळावा, याच्या पुस्तिका लागतात. त्या कामगाराला समजतील अशा भाषेत लिहिणे हे स्वतंत्र कसब आहे. त्याला तांत्रिक लेखन म्हणतात. आय.टी.आय. झालेल्या, पण भाषा चांगली असलेल्या मुलाने याचा विचार करावा. चित्रपट व मालिकांना संवाद, गीते, पडद्याखालील भाषांतराच्या ओळी लागतात. आपल्या शहरातील शायर बशर नवाज (१९३५–२०१५) यांनी 'बाजार' या १९८२ च्या चित्रपटासाठी लिहिलेले गीत आजही लोक गुणगुणतात. कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीसही लेखक आहे. त्याच्या चार ओळींवर एखाद्या म्हातारीची पेन्शन अवलंबून असते.

मी हे सर्व सांगतो आहे याचा अर्थ मुलांनी उद्याच शाळा-कॉलेज सोडून लेखक व्हावे असा नाही. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार थोडा असतो, उमेदवारी मोठी असते, वर्तमानपत्रात रात्रपाळी असते. पुस्तकावर एकट्यावर घर चालविणारे लेखक मराठीत काय, उर्दूत काय, बोटांवर मोजण्याइतके. आपल्या भागातील मोठे शायर सिकंदर अली वज्द (१९१४–१९८३) हे व्यवसायाने न्यायाधीश होते. म्हणून पदवी पूर्ण करा आणि त्याबरोबर भाषेचे कसब हाती ठेवा. वकिलाला, शिक्षकाला, डॉक्टरला, दुकानदाराला, कोणालाही ते तोट्यात घालीत नाही.

आता त्या गंजलेल्या अर्ध्या भांडवलाविषयी. आपल्या मुलांचे मराठी कच्चे राहते, ही गोष्ट आपण मोकळेपणाने बोलली पाहिजे. उर्दू माध्यमातील मुलाला मराठी हा पास होण्यापुरता विषय वाटतो. मराठी माध्यमातील आपल्या मुलाला उर्दू लिपी येत नाही, घरी बोलतो तेवढीच. दोघेही अर्ध्या पुलावर उभे. मराठी ही परकी भाषा आहे, हा समज मनातून काढा. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे मराठी संतकवी होते. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सारा मुलूख जागविला. डॉ. यू. म. पठाण यांनी आपल्या विद्यापीठात मराठीचे अध्यापन केले, संतसाहित्याच्या हस्तलिखितांत आयुष्य घातले आणि १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ही सर्व मराठीची माणसे आहेत आणि आपलीही.

वर्तमानपत्रात आपल्या मुलांची नावे चुकीची छापून येतात, सणाचे नाव चुकते, वस्तीची एकच बाजू येते, अशी तक्रार आपण चहाच्या टपरीवर नेहमी करतो. तक्रारीत तथ्य असेलही. पण त्या टेबलावर नाव दुरुस्त करणारा आपला मुलगा बसलेला नसेल, तर दुरुस्ती कोण करणार? शुद्ध मराठी लिहिणारा एक उपसंपादक शंभर तक्रारींचे काम करील.

मुलींना मी वेगळे सांगू इच्छितो. हे काम शांतपणे बसून, डोळ्यांत तेल घालून करावयाचे आहे आणि त्यांतील पुष्कळसे घरी बसूनही करता येते. पण मुलींनी घरापुरतेच राहावे असे मी म्हणत नाही. फातमा झकेरिया यांनी मुंबईत इंग्रजी पत्रकारितेत संपादकपद भूषविले. पुढे आपल्या शहरातील शिक्षणसंस्थांचे काम पाहिले. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२१ मध्ये याच शहरात त्यांचे निधन झाले. आपल्या मुलींनी त्यांचे नाव माहीत करून घ्यावे.

या कामात जबाबदारी किती आहे, याचे एक उदाहरण देतो. वर्तमानपत्राच्या तळाशी संपादकाचे नाव छापलेले असते. बातमी कोणीही लिहिली तरी उत्तर त्याला द्यावे लागते. हैदराबादला शोएबुल्ला खान नावाचे तरुण संपादक होते. 'इमरोज' हे उर्दू दैनिक ते चालवीत. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले. धमक्या आल्या, पण लेखणी थांबली नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कामावरून घरी परतताना रझाकारांनी त्यांचा खून केला. वय अठ्ठावीसच्या आसपास. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, संस्थान मुक्त झाले. मराठवाडा मुक्तिदिनाला ध्वजवंदन करताना आपल्या मुलांना हे नाव अवश्य सांगा. उर्दूत लिहिणाऱ्या एका मुसलमान संपादकाने खरे लिहिण्यासाठी प्राण दिला. अमानत म्हणतात ती हीच.

शेवटी, करावयाचे काय? विद्यार्थ्यांनी रोज एक मराठी आणि एक उर्दू बातमी वाचावी आणि आठवड्यातून एक बातमी या भाषेतून त्या भाषेत करावी. मराठी लेखनाचे साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ मध्ये त्यांत चार वाढले. एकूण अठरा. अठरा नियम एका उन्हाळ्याच्या सुटीत पाठ होतात. शब्दकोश उघडण्याची सवय ठेवा. माहीत असलेल्या शब्दासाठीच तो आधी उघडा, कारण चूक तेथेच होते. पदवीनंतर ज्यांना पुढे जावयाचे आहे, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. मोडी शिकण्याचे वर्ग निघतात, त्यांची चौकशी करा.

पालकांनी घरात एक वर्तमानपत्र सुरू ठेवावे आणि मुलाला "काय फालतू वाचतोस?" असे म्हणू नये. घरचे जुने कागद रद्दीत घालू नयेत. आजोबांच्या पेटीतील कागद एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्यावेत, मुलाला शेजारी बसवून.

संस्थेला माझी विनंती आहे की, शाळेचे भित्तिपत्रक मुलांच्या हाती द्यावे आणि त्यात कामे वाटून द्यावीत. एकाने लिहावे, एकाने तपासावे, एकाने भाषांतर करावे, एकाने प्रूफ वाचावे. दर महिन्याला कामे बदलावीत. प्रत्येकाचे नाव खाली लिहावे, जसे बालभारतीच्या पुस्तकात असते. या स्मरणिकेच्या पुढील अंकाचे काही काम मुलांकडून करून घेतले, तर आणखी चांगले.

आपल्यापैकी प्रत्येक मुलगा लेखक होणार नाही आणि होण्याची गरजही नाही. पण पुढील वर्षांत एखाद्या पुस्तकाच्या, एखाद्या दैनिकाच्या, एखाद्या न्यायालयीन भाषांतराच्या खाली आपल्या शाळेतील विद्यार्थ्याचे नाव असावे, एवढी माझी इच्छा आहे आणि ती अवाजवी नाही.